प्रवासात खाण्यावर सगळ्यात जास्त पैसे जातात, वर पोटही बिघडतं. माझं नेमकं चुकतंय कुठे?

चौथा_दिवस

मंडळी, हे विचारायला जरा लाज वाटतेय. बेचाळीस वर्षांच्या बाईला बाहेरगावी गेल्यावर नीट जेवता यायला हवं. मला येत नाही.

मागच्या महिन्यात अकरा दिवस एकटीच फिरून आले. खर्च लिहून ठेवायची मला सवय आहे, अगदी पाण्याच्या बाटलीपर्यंत. घरी येऊन बेरीज केली तर एकूण खर्चातले ४१ टक्के खाण्यावर गेलेले आणि राहण्यावर ३३. चमचमीत खाण्यात गेले असते तर एवढं लागलं नसतं मनाला. पण अकरा दिवसांत लक्षात राहिलेली जेवणं दोन. बाकी काय खाल्लं ते वही बघितल्याशिवाय आठवतही नाही.

माझा दिवस साधारण असा जातो. सकाळचा नाश्ता खोलीच्या भाड्यातच असतो, पण त्या वेळी भूक नसते, म्हणून चहा आणि ब्रेडचा एक तुकडा. मग पायपीट. बाराला पोटात कावळे ओरडायला लागतात, पण समोर काहीतरी बघायचं राहिलेलं असतं, म्हणून 'एवढं उरकू आणि जेवू'. दोनला शोधाशोध सुरू. पहिली जागा गच्च भरलेली. दुसरीच्या दारावर दर लावलेले नाहीत, आत जाऊन परत फिरायचा संकोच. तिसरी आवडते, पण तिथे खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायला सुरुवात झालेली. तोवर तीन वाजतात, कपाळ ठणकायला लागतं, आणि मग मी ज्या चौकात उभी असेन त्याच चौकातल्या, दारात पदार्थांच्या फोटोंचा फलक लावलेल्या जागेत जाऊन धपकन बसते. अकरापैकी सात दिवस हेच. मोजलंय मी.

आता चौथ्या दिवसाबद्दल. (नाव त्यावरूनच घेतलंय.) रस्त्यावरचं खायचं नाही हा माझा नियम. त्या दिवशी तो मोडला. सव्वाएकला एका गाडीवर कढईतून काढलेलं, पिठात घोळवून तळलेलं काहीतरी कागदात गुंडाळून घेतलं आणि उभ्याउभ्याच खाल्लं. छान होतं, खोटं कशाला बोलू. रात्री आठला मात्र प्रायश्चित्त म्हणून मुद्दाम चकचकीत ठिकाणी गेले. एसी, पांढरे टेबलक्लॉथ, कापडी नॅपकिन. अख्ख्या हॉलमध्ये मी एकटी. मेन्यू वहीएवढा जाड. पोटाला हलकं म्हणून भाज्या घालून परतलेला भात घेतला आणि सोबत बर्फ घातलेलं सरबत.

पावणेअकराला मळमळायला लागलं. दोनपर्यंत चार उलट्या. ताप नाही, जुलाब जवळजवळ नाहीतच. सकाळी उठले तेव्हा नुसता अशक्तपणा. पाचवा दिवस खोलीत छताकडे बघत गेला, आधी काढलेलं तिकीट फुकट गेलं आणि मी त्या गाडीवाल्याला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. पुढचे सहा दिवस बिस्किटं, हॉटेलचा चहा आणि तीन वाजताचे ते चौक.

तर प्रश्न असा, की कमी पैशात, पोट न बिघडवता आणि जरा बरं काही खायला मिळेल असं तुम्ही कसं जमवता? 'घरून डबा न्या' हे सांगू नका, अकरा दिवस कुठला डबा टिकणार.

दोन_पिशव्या

मी दोन मुलांना घेऊन फिरते, त्यामुळे तीन वाजेपर्यंत उपाशी राहायची चैन मला परवडतच नाही. एक उपाशी झाला की दुसरा रडतो आणि तिसरी मी.

नव्या गावात उतरलं की आधी वाणसामानाचं दुकान शोधते. देवळं, संग्रहालयं नंतर. केळी, शेंगदाणे, ब्रेड, उकडलेली अंडी मिळाली तर ती, आणि सालीसकट टिकणारी फळं. हे जेवण नाही. जेवणाची जागा शांतपणे शोधता यावी म्हणून पोटात टाकलेला आधार आहे. तुमच्या सात चौकांपैकी पाच तरी एका केळ्याने टळले असते असं मला वाटतं.

आणि खोलीच्या भाड्यात नाश्ता आहे तर तो सोडता कशाला हो? पैसे भरलेत ना? भूक नसेल तर अर्धा तास उशिरा खाली उतरा, पण बसून पोटभर खा. आमच्याकडे सकाळी दहाला दणकून खाणं, अडीचच्या सुमारास खरं जेवण आणि रात्री खोलीत दही-ब्रेड-फळं असं चालतं. दिवसाला हॉटेलात बसून एकच जेवण. पोरं कुरकुर करत नाहीत, कारण ते एक जेवण त्यांच्या पसंतीचं असतं.

भटारखान्यातून

ताई, तुमचा मजकूर दोनदा वाचला. एकोणीस वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये काढली, आता कंबर गेली म्हणून घरी बसलोय. त्या गाडीवाल्याची आधी मनातल्या मनात माफी मागा. माझ्या अंदाजाने तो निर्दोष आहे.

तुमचीच वही बघा. आठला भात खाल्लात, पावणेअकराला मळमळ. मध्ये पावणेतीन तास. उलट्या जास्त, जुलाब नाहीत, ताप नाही, सकाळपर्यंत खेळ खलास. इतक्या लवकर आणि अशी गडबड होते तेव्हा बहुतेक वेळा जंतूने आधीच अन्नात तयार करून ठेवलेलं विष पोटात गेलेलं असतं. भाताच्या बाबतीत पहिला संशयित बॅसिलस सेरियस नावाचा जंतू. याचे बीजाणू कच्च्या तांदळातच असतात आणि तांदूळ शिजला तरी मरत नाहीत. भात शिजवून पातेलं ओट्यावर तसंच ठेवलं की कोमट भातात ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. उलटी करवणारं हे विष उष्णतेला दाद देत नाही. नंतर मोठ्या आचेवर कितीही परता, जंतू मरतील, विष तसंच राहील. याची लक्षणं अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत दिसतात.

आता आतली गोष्ट सांगतो. परतायचा भात ताजा चालतच नाही, गोळा होतो. दाणा सुटा व्हायला तो गार आणि जरा कोरडा लागतो. म्हणून तो आधीच करून ठेवलेला असतो, सगळीकडे. चांगल्या किचनमध्ये तो पसरट ट्रेमध्ये पातळ थर करून पटकन गार करतात आणि लगेच फ्रीजमध्ये टाकतात. वाईट किचनमध्ये दुपारी बाराला शिजलेलं मोठं पातेलं रात्रीपर्यंत कोपऱ्यात झाकून असतं. मोठ्या पातेल्याचा मधला भाग तासन् तास कोमट राहतो, हात घालून बघितलंय मी. भरलेल्या हॉटेलात ते पातेलं दुपारीच संपतं. तुमच्या हॉटेलात तुम्ही एकट्याच होतात. सांगा, ते पातेलं कोण संपवणार होतं?

तुमच्या गाडीवाल्याचा पदार्थ पावणेदोनशे अंशांच्या आसपासच्या तेलातून निघाला आणि मिनिटभरात तुमच्या हातात आला. मध्ये जंतूला वाढायला वेळच नाही. गाडीवर धोका असतो तो बाजूच्या गोष्टींत: वर भुरभुरलेल्या कच्च्या भाज्या, सकाळपासून उघडं असलेलं पातळ सॉस, एकाच बादलीत बुचकळलेल्या ताटल्या. आणि हात. मी पदार्थाआधी हात बघतो. पैसे घेणारा आणि खाणं देणारा माणूस एकच असेल तर दोन कामांच्या मध्ये तो काय करतो ते बघतो. तुम्हाला कागदात दिलं, म्हणजे बादलीचा प्रश्नही मिटला.

टेबलक्लॉथवरून किचन कळत नाही. ते लाँड्रीतून येतं.

जाड मेन्यूचं म्हणाल तर आम्ही त्याला हसायचो. दोन आचारी आणि एकशेवीस पदार्थ, हे होतं कसं? दोन-तीन रस्से आधी करून ठेवायचे, बाकी फ्रीझर, आणि जे आठवड्यातून एकदाच कोणी मागतं ते आठवडाभर पडून. एका पानाचा मेन्यू, त्यातही दोन पदार्थ 'संपले' म्हणून खोडलेले, अशी जागा दिसली की मी आत शिरतो. 'संपलं' ऐकून गिऱ्हाईक नाराज होतं, मला मात्र बरं वाटतं. काल उरलेलं आज माझ्या ताटात येणार नाही एवढं तरी त्यातून कळतं.

वेळेचंही तसंच. तीनला जेवायला जाता तेव्हा तुम्हाला दुपारच्या पातेल्यांचा तळ मिळतो. किचनही तेव्हा थकलेलं असतं, कोणी शिव्या खाल्लेल्या असतात, कोणाचं बोट कापलेलं असतं. दुपारचं जेवण सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जा. सगळं ताजं असतं, टेबल मिळतं, आणि बऱ्याच ठिकाणी दुपारचं ठरावीक ताट रात्रीपेक्षा बरंच स्वस्त असतं. आचारी तेच, चूल तीच. भाडं आणि पगार तर द्यायचेच आहेत, मग दुपारच्या रिकाम्या खुर्च्या भरल्या तर मालकाला हव्याच असतात.

चौकातल्या जागेचं गणित सोपं आहे. तुमच्या बिलात खाण्याच्या कच्च्या मालाचा वाटा साधारण तिसरा हिस्सा असतो. बाकी भाडं, पगार, गॅस, वीज, नासाडी आणि उरला तर नफा. चौकात भाडं जास्त, आणि तिथे रोज नवं गिऱ्हाईक येतं जे पुन्हा कधीच येणार नसतं. मग त्याला खूश करायची धडपड कशासाठी करतील? दोन गल्ल्या आत, जिथे आसपासच्या ऑफिसांतली माणसं रोज जेवतात, तिथे मालकाला उद्याची काळजी असते.

एक सांगा, वहीत पाणी, सरबत, कॉफी वेगळी लिहिली आहे का? मालकाची खरी कमाई पेयांवर असते. बेरीज करून बघा.

उगाच_शंका

भटारखाना, भाताचं पटलं. 'गर्दी म्हणजे चांगलं' हा जो सूर आहे त्याबद्दल मात्र शंका आहे. गर्दी कशामुळे जमली आहे हेही बघायला नको का? बसस्टँडसमोर गर्दी असते ती बस चुकेल म्हणून. एखाद्या व्हिडिओमुळे रांग लागते. ती रांग फोटो काढणाऱ्यांची असते, जेवणाऱ्यांची नसते. मी अशा एका रांगेत पन्नास मिनिटं उभा राहिलोय आणि मिळालेलं ताट कोमट होतं.

माझी पद्धत अशी की खिडकीतून आत बघायचं आणि लोकांच्या हातात काय आहे ते पाहायचं. सगळ्यांकडे मेन्यूकार्ड असेल तर सगळे पाहुणे. न बघता ऑर्डर देणारे चार जण दिसले तर जागा गाववाल्यांची. एकटी जेवणारी म्हातारी माणसं दिसली तर डोळे मिटून आत. म्हाताऱ्यांना वाईट जेवणावर घालवायला वेळ नसतो आणि पैसाही.

ऑनलाइन परीक्षणांत मी सरासरी तारे बघतच नाही. सगळ्यात नवी परीक्षणं वाचतो, त्यातही तीन तारे देणाऱ्यांची. पाचवाले भारावलेले, एकवाले वेटरशी भांडलेले. तीनवाला सांगतो की रस्सा चांगला होता, भाग लहान होता आणि बाथरूमला कडी नव्हती. लोकांनी काढलेल्या फोटोंत मेन्यूचा फोटो शोधायचा, म्हणजे दर घरबसल्या कळतात आणि दारात संकोच करत उभं राहावं लागत नाही. चौथा_दिवस, तुमचा तो दुसरा प्रश्न इथेच सुटला.

मेन्यूवरचे दर कसे छापलेत तेही बघत जा. २००९ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी एका रेस्टॉरंटात प्रयोग केला होता. नुसता आकडा छापलेला मेन्यू ज्यांच्या हातात पडला त्यांनी डॉलरचं चिन्ह दिसणाऱ्यांपेक्षा जास्त खर्च केला. तेव्हापासून नुसते आकडे दिसले की मी मनात पुढे चलन लावून वाचतो. सगळ्यात वर एखादा भयंकर महाग पदार्थ असेल तर तो कोणी घ्यावा म्हणून असतोच असं नाही. त्याच्या शेजारी दुसरा पदार्थ स्वस्त वाटावा म्हणूनही तो तिथे बसवतात.

अवांतर: मार्गदर्शिका म्हटलं की लोकांना फक्त महागड्या जागा आठवतात. मिशेलिन मूळची टायरची कंपनी. तिने १९०० साली वाहनचालकांसाठी पुस्तिका काढली, लोक जास्त हिंडले तर टायर झिजतील म्हणून. चांगल्या रेस्टॉरंटांना द्यायचे तारे १९२६ मध्ये आले. त्यांचीच 'बिब गुरमाँ' नावाची यादी १९९७ पासून आहे, माफक किमतीत चांगलं खायला देणाऱ्या जागांची. आपल्यासारख्यांनी तारे सोडून ती चाळावी. आणि ज्या शहरांत सरकारी तपासणीचा निकाल दारावर लावतात तिथे तो वाचावा. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून ए, बी, सी अशी अक्षरं लावतात, इंग्लंड आणि वेल्समध्ये ० ते ५ आकडे असतात. ते स्वयंपाकघराच्या स्वच्छतेचे असतात, चवीचे नव्हेत. पण टेबलक्लॉथपेक्षा बरे!

मीठ_साखर_पाणी

मी परिचारिका आहे, तेवढ्यापुरतं बोलते.

भटारखान्यातल्या दादांचा अंदाज मला पटतो. असाच झटपट त्रास स्टॅफिलोकॉकस या जंतूच्या विषानेही होतो, तोही अर्ध्या तासापासून आठेक तासांत. तो हातावरून, नाकातून अन्नात येतो. त्यामुळे भात की आणखी काही हे दुरून सांगता येणार नाही. पण एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, आपण कायम शेवटच्या जेवणाला दोष देतो आणि ते बऱ्याचदा निरपराध असतं. नोरोव्हायरस या विषाणूची लक्षणं दिसायला १२ ते ४८ तास लागतात. साल्मोनेला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही. कॅम्पायलोबॅक्टर दोन ते पाच दिवस. म्हणजे आज पोट बिघडलं तर गुन्हेगार मागच्या गावातही असू शकतो.

आणि स्वतःला फार दोष देऊ नका. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या प्रवाशांसाठीच्या माहितीत म्हटलंय की कुठे आणि कोणत्या ऋतूत जाता त्यावर अवलंबून, दोन आठवड्यांच्या प्रवासात ३० ते ७० टक्के प्रवाशांना जुलाबांचा त्रास होतो. 'उकळा, शिजवा, सोला, नाहीतर सोडा' हे तंतोतंत पाळणारेही आजारी पडतात, कारण किचनमधल्या हातांवर आपला ताबा नसतो. स्वतःच्या हातांवर असतो. साबण वापरा. सॅनिटायझर नोरोव्हायरसवर फारसा चालत नाही, बाटली पर्समध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

सरबतातल्या बर्फाबद्दल कोणीच बोललं नाही. गोठवल्याने जंतू मरतातच असं नाही, बरेचसे नुसते थांबतात. बाटलीबंद पाणी प्यायचं आणि नळाच्या पाण्याचा बर्फ घालायचा, हे मी सुशिक्षित लोकांना करताना बघते.

सामानात ओआरएसची चार पाकिटं टाका, वजन काहीच नाही. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने घालू नका, जास्त झालं तर अपायच होतो. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट घोट. शौचात रक्त, जास्त ताप, पाणीही न टिकणं, लघवी फार कमी होणं, यातलं काही असेल तर डॉक्टर गाठा. ताप किंवा रक्त असताना जुलाब दाबायच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. 'पुढची गाडी चुकेल' म्हणून लोक घेतात आणि मग आमच्याकडे येतात.

चौथा_दिवस

बाप रे. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

दादा, वही काढून बसले. पेयं वेगळी लिहिली होती. खाण्यावर गेलेल्या पैशांपैकी २४ टक्के! अकरा दिवसांत बाटलीबंद पाणी ३१ वेळा, सरबतं आणि रस १४, कॉफी १९. कॉफीचं मला वाईट वाटत नाहीये, ती मी पिणारच. पण पाणी ३१ वेळा? खोलीत रोज किटली होती. त्यात पाणी उकळून, गार करून रिकाम्या बाटलीत भरायला काय झालं होतं मला!

आणि तीन वाजताची ती सात जेवणं मिळून अर्ध्याहून थोडे जास्त पैसे. सात जेवणं, अर्धे पैसे! ही बेरीज मी आधी केलीच नव्हती. मी फक्त रोजची बेरीज करत होते, त्यात काही दिसतच नाही.

गाडीवाल्याची माफी मागितली. मनातल्या मनात.

एक शंका राहिली. दुपारचं ठीक आहे, पण रात्री एकटीने टेबल अडवून बसायचं म्हटलं की मला अवघडल्यासारखं होतं. वेटर 'कितीजण?' विचारतो, मी 'एक' म्हणते आणि तो माझ्या मागे बघतो, अजून कोणी येतंय का ते. खरं सांगायचं तर रिकाम्या हॉटेलात मी त्यामुळेच जाते. तिथे कोणी बघायला नसतं.

भटारखान्यातून

त्याला टेबलाचं पडलेलं असतं हो, तुमचं नाही. चारजणांचं टेबल एकाला दिलं की त्याचा हिशोब बिघडतो. म्हणून लवकर जा, टेबलं रिकामी असताना, किंवा काउंटरला स्टूल असतील तर तिथे बसा. काउंटरवरून किचन दिसलं तर सोन्याहून पिवळं. एकट्या गिऱ्हाइकाला आम्ही आतून वैतागायचो असं तुम्हाला वाटत असेल तर नाही. तो वेळेवर खातो, वेळेवर उठतो, आणि ताट गार करून परत पाठवत नाही. वैताग यायचा तो बाराजणांच्या टेबलाचा, ज्यात प्रत्येकाला काहीतरी वगळून हवं असतं.

वेटरला 'काय चांगलं आहे?' विचारू नका, तो जे खपवायचंय ते सांगेल. 'आज सगळ्यात जास्त काय गेलं?' असं विचारा.

उगाच_शंका

'जास्त काय गेलं' यालाही तो खपवायचंच सांगू शकतो की.

भटारखान्यातून

सांगू शकतो. पण खोटं बोलायच्या आधी क्षणभर थांबतो. तो क्षण बघायचा.

दोन_पिशव्या

मी पोरांना पुढे करते. धाकटा थेट शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून 'ते काय आहे?' विचारतो. आजवर एकदाही फसलो नाही. लाज त्याला नाही आणि आता मलाही राहिली नाही.

चौथा_दिवस

पाच आठवड्यांनी परत येतेय, धागा वर काढल्याबद्दल माफ करा. तीन दिवसांची छोटी फेरी करून आले. सगळं जमलं नाही, आधीच सांगते.

पहिला दिवस मस्त. नाश्ता दहाला, बसून, दोन अंड्यांसकट. सव्वाबाराला दोन गल्ल्या आत एका लहान जागेत गेले. मेन्यू एका पाटीवर खडूने लिहिलेला, सहा ओळी, त्यातली एक माझ्यासमोर पुसली. ऑफिसची माणसं होती, कोणाच्याच हातात कार्ड नव्हतं. काय खाल्लं ते वही न बघता आठवतंय. रात्री खोलीत फळं आणि ब्रेड.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! एका जागी रेंगाळले आणि घड्याळात बघते तर दहा कमी तीन. चौक. फोटोंचा फलक. वेटर बाहेर येऊन खुर्ची मागे ओढून उभा. पिशवीत केळं होतं. समोरच्या पायऱ्यांवर बसले आणि खाल्लं. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. दोन मिनिटांनी त्याने खुर्ची परत आत सरकवली. मग चालत पंचवीस मिनिटांवरच्या, आधीच मेन्यूचा फोटो बघून ठेवलेल्या जागी गेले. ती चारला पुन्हा उघडायची होती, तोवर दारात उभी राहिले. पहिली गिऱ्हाईक मीच.

तिसऱ्या रात्री मात्र फसले. 'आज सगळ्यात जास्त काय गेलं?' विचारलं. वेटर अजिबात थांबला नाही, ताडकन उत्तर दिलं. आलेला पदार्थ आळणी, पिठूळ आणि कोमट. अर्धा टाकला. पोट बिघडलं नाही. खाण्याचा खर्च एकूण खर्चाच्या २६ टक्के, त्यात कॉफी सात वेळा.

दादा, तो थांबला नाही याचा अर्थ काय घ्यायचा?

भटारखान्यातून

त्याला रोज कोणीतरी विचारत असणार. आता प्रश्न बदला.